वॉशिंग्टनचा एकच दात

जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–१७९९) यांचा पराक्रम विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचलाच आहे. आम्हांस येथे त्यांच्या दातांविषयी सांगावयाचे आहे. १७५६ साली, ऐन चोविशीत, त्यांचा पहिला दात काढावा लागला. त्याच वर्षी बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी मेणात जबड्याचा ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची रीत ग्रंथात मांडली. साच्यातून गणपती काढणाऱ्या कारागिराचीच ही युक्ती! कवळी मग तोंडात नव्हे, त्या प्रतिकृतीवर जुळवावयाची.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरली व त्या दातासाठी तीत भोक ठेवले. कवळी लाकडाची होती, ही निव्वळ दंतकथा. तीत माणसांचे दात होते. वॉशिंग्टनांच्या १७८४ च्या हिशेबात कृष्णवर्णीयांना नऊ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे. ते बहुधा त्यांच्याच मळ्यावरील गुलाम. स्वातंत्र्यवीराच्या चरित्रातील या ओळीपाशी आम्ही थबकलो.

१७९६ मध्ये तो शेवटचा दातही गेला; ग्रीनवुडनी तो जपून ठेवला. कवळीने ओठ पुढे ढकलले जातात, ही तक्रार वॉशिंग्टन १७९८ च्या डिसेंबरातही त्यांना लिहून कळवीतच होते.