यशवंत घाडगे यांची कबर कुठे आहे?
इटलीत सापडलेल्या हाडांवरून १९४४ मधील दोन भारतीय जवानांची ओळख पटली. २०१९ मध्ये त्यांच्या अस्थी हरियाणात आल्या. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मात्र सापडलेले नाहीत.

१० जुलै १९४४. टायबर नदीचे वरचे खोरे. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे घाडगे एकटेच मशीनगनवर धावले. ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी ठार केले. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावात पुतळा आहे. कबर ज्ञात नसलेल्यांच्या कॅसिनो येथील स्मारकावर नावही आहे.