लुई ब्रेल यांचा दुसरा डोळा

अंधांची लिपी म्हटली की लुई ब्रेल यांचे नाव आपसूक ओठांवर येते. पण ते जन्मांध नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय त्यांच्या एकाच डोळ्याला इजा झाली होती. मग दुसरा गेला कसा?

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे हे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी ब्रेल यांचा जन्म झाला. वडील सिमाँ-रने घोड्यांची खोगिरे व चामडी साज तयार करीत. १८१२ साली तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत चामडे टोचण्याचा खेळ खेळत असता हातातले हत्यार, बहुधा आरी, निसटले आणि डोळ्यात घुसले. जखम चिघळली. पुढे धडधाकट डोळाही सुजू लागला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही गेले.

जखमेतील दोष दुसऱ्या डोळ्यात उतरला, असे जुन्या चरित्रांत आढळते. आजचे अनेक नेत्रतज्ज्ञ मात्र याला सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात, म्हणजे सहानुभूतीने येणारा नेत्रदाह. नाव मोठे विचित्र आहे! कारण येथे घात करतात त्या शरीराच्याच रक्षक टी-पेशी. थायमस ग्रंथीत त्यांची पारख होते; स्वकीयांवर उठणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच नष्ट केल्या जातात, पण काही निसटतात. एरवी डोळ्याच्या आतली प्रथिने त्यांच्या वाटेला फारशी येत नाहीत. डोळा फुटला की ती बाहेर पडतात, पहारेकऱ्यांना परकी वाटतात आणि त्यांच्या शोधात टी-पेशी रक्तावाटे निघतात. तीच प्रथिने निरोगी डोळ्यातही असतातच. दृष्टिपटलातील अरेस्टिन हे प्रथिन प्राण्यांना त्वचेखाली टोचले, तरी त्यांच्या डोळ्यांत असाच दाह उठतो. आज स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे वेळेवर मिळाली तर दृष्टी पुष्कळदा वाचते. १८१२ साली यातले काहीच नव्हते. त्या बापाने आपल्या हत्यारांना किती दोष दिला असेल, कोण जाणे.

पण हा बाप हात जोडून बसला नाही. त्याने फळीवर खिळे ठोकून मुलाला अक्षरे चाचपायला दिली, असे सांगतात. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशा आम्हा मुलांना ती फळी फार ओळखीची वाटते.

गावच्या शाळेतली हुशारी पाहून लुईला १८१९ साली पॅरिसच्या अंधशाळेत पाठवण्यात आले. तेथील पुस्तकांत उठावाची मोठमोठी अक्षरे असत; वाचायला वेळ लागे, लिहिणे तर अशक्यच. शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची लिपी आणली, पण तिचे एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसे. लुईने ते सहा ठिपक्यांवर आणले. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, लिपी जवळजवळ सिद्ध झाली. १८२९ साली ती पुस्तकरूपाने आली.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. ऑर्गनही उत्तम वाजवीत. नव्या संचालकांनी १८४० च्या सुमारास ही लिपी बंद पाडली, तरी मुले ती चोरून वापरत राहिली. क्षयाने ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल गेले, आणि १८५४ साली शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली. आपल्याकडे १९५१ साली भारती ब्रेल ठरली. मराठी पुस्तकेही याच सहा ठिपक्यांत निघतात.

१९५२ साली फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. हात मात्र कूव्रेतच ठेवले आहेत.