विषय नव्हे, प्रश्न निवडणारा विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



प्रकल्पवहीचे दिवस आले की लालबागच्या आमच्या वर्गात ठरलेले विषय येतात. पाणी, प्रदूषण, माझा आवडता सण. दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, चिकटवायचा, झालं! पण यातून तुला नेमकं काय शोधायचं होतं, असं विचारलं की मूल गप्प. खरं सांगायचं तर आपणही गप्पच. म्हणून आज आपल्या शेजारच्या परळमध्ये राहून शिकलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते.

बालपण व शिक्षण

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळं बसावं लागे, पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. पुढे कुटुंब मुंबईला परळ भागातल्या चाळीत आलं. एका खोलीत सगळा संसार, त्यातच अभ्यास. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

पहिला मोठा प्रश्न

९ मे १९१६ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यांनी मानववंशशास्त्राच्या वर्गात जातिसंस्थेवर निबंध वाचला. विषय त्यांच्या जगण्यातलाच होता. पाण्याच्या भांड्यापासून दूर ठेवलेल्या मुलाने नुसतं दुःख लिहिलं असतं, तरी ते खरंच असतं. पण त्यांनी विषयाचे प्रश्न केले : जात टिकते कशी? ती निर्माण कशी झाली? आणि पसरली कशी?

त्यासाठी त्यांनी सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या तपासल्या. प्रत्येकाचं काय बरोबर, काय सुटलं ते पाहिलं. मग जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर बोट ठेवलं. हे बंधन टिकवायचं तर गटातल्या लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली हवी. नवरा वारला की त्याची बायको जास्तीची ठरते. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथांचा उलगडा त्यांनी इथून केला. प्रश्न नेमका होता, म्हणून वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एका धाग्यात आल्या.

रुपयाचा प्रश्न

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे जमवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रमाबाई मात्र परळच्या चाळीत संसार ओढत होत्या.

तिथे त्यांनी रुपयावर संशोधन केलं. १८९३ पर्यंत कुणीही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शके. ते बंद झालं आणि पुढे रुपयाचा दर पौंडाशी बांधला गेला. भीमरावांनी विचारलं : पौंडाशी दर स्थिर राहिला, पण त्याच रुपयात इथे वस्तू किती येतात, ते स्थिर आहे का? महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या आपल्या गिरणगावाला हा प्रश्न समजावून सांगायला नको!

प्रबंध एकदा दुरुस्तीसाठी परत आला. ते खचले नाहीत. पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यांची सगळी मतं पटत नव्हती, तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं.

आपल्या वर्गासाठी

यंदा एका मुलीने विषय आणला, पाणी. मी म्हटलं, तुझ्या घरचं सांग. खूप वेळाने ती म्हणाली, बाई, आमच्या मजल्यावर पाणी शेवटी का येतं? आठवडाभर तिने प्रत्येक मजल्यावरची वेळ लिहून आणली. वहीत एकही चित्र नव्हतं.

पालकहो, मूल विषय घेऊन आलं की दुकानात जायच्या आधी एवढंच विचारा : यात तुला काय कळत नाहीये? मग थोडं थांबा. उत्तर लगेच येत नाही.