हवेची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवलेली असते. लोहार ती भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. थंड होताना ती आकसते व चाकाला घट्ट आवळून धरते. धावेमुळे चाक झिजत नाही हे खरे; पण वाटेतला प्रत्येक दगड ती गाडीत बसणाराच्या हाडांपर्यंत नेऊन पोचवते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील गाड्यांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. सायकली निघाल्या त्यानंतर पुढे त्यांच्या चाकांवर लोखंडाऐवजी भरीव रबराची कडी बसवण्यात आली. परंतु भरीव रबरही पुरेसे मऊ नसल्यामुळे दगडी रस्त्यावर सायकल चालवणे हे अंग खिळखिळे करणारेच काम होते. चाकाला चक्क हवेची धाव बसवून या त्रासातून लोकांची सुटका करणारा मनुष्य यंत्रज्ञ नव्हता. तो गुराघोड्यांचा वैद्य होता. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉपचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. दिवस पुरे भरण्यापूर्वीच तो जन्मला, म्हणून त्याची प्रकृती नाजूक आहे अशी घरच्यांची समजूत झाली, आणि पुढे ती त्याचीही झाली. शेतीची कष्टाची कामे त्याला झेपणार नाहीत असे ठरून त्याला शिकवण्यात आले. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचा अभ्यास करून तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झाला. 1867 मध्ये तो आयर्लंडला गेला आणि पुढे बेलफास्ट शहरात त्याने आपला दवाखाना थाटला. स्वभावाने तो शांत व भिडस्त होता, पण कामात वाकबगार होता. काही वर्षांतच त्याचा व्यवसाय आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या काळी शहरातील सारी वाहतूक घोड्यांच्या पाठीवर चाले. त्यामुळे गाडीच्या ओढीने आणि रस्त्याच्या कठीणपणाने जनावरांची काय दशा होते, हे तो रोज पाहत होता.

त्याचा मुलगा जॉनी 1887 साली नऊ वर्षांचा होता. त्याच्याजवळ एक तीन चाकांची सायकल होती व तिच्या चाकांवर भरीव रबर होते. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे असून त्यांत ट्रामचे रूळ बसवलेले होते. अशा रस्त्यावरून ती सायकल धडधडत जाई. तिची चाके बदलून दुसरी बसवावी असे डनलॉपच्या मनात आले. पण कोणती? अधिक जाड रबर लावावे तर सायकल जड होणार. पातळ लावावे तर हादरे वाढणार. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंत त्याला हवी ती वस्तू नव्हतीच. तेव्हा त्याने प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये एखादा घट्ट पदार्थ घालण्याऐवजी कोंडलेली हवा घातली तर काय होईल?

रबराची कामे तो पूर्वीपासून जाणत होता. त्याने लाकडाची एक गोल तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी बनवून ती तबकडीच्या कडेभोवती गुंडाळली, तिच्यावर तागाच्या कापडाचे आवरण चढवले आणि ते आवरण खिळ्यांनी तबकडीला ठोकून पक्के केले. मग फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने त्या नळीत हवा भरून तिचे तोंड बांधून टाकले. दिसायला ही वस्तू मुळीच सुबक नव्हती. ती घेऊन तो आपल्या अंगणात गेला. प्रथम त्याने जॉनीच्या सायकलीचे भरीव रबराचे चाक घरंगळत सोडले. ते अंगणाच्या पलीकडच्या टोकापर्यंत पोचलेच नाही; वाटेतच डगमगून आडवे झाले. नंतर त्याने तितक्याच जोराने आपली तबकडी सोडली. ती अंगणभर धावली, शेवटी दारावर आदळली आणि तेथूनही उसळून मागे आली.

या लहानशा प्रयोगात जे दिसले त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कठीण चाकाखाली खडा आला की सबंध चाक व त्यावरचे सारे ओझे त्या खड्यावर उचलले जाते आणि लगेच खाली आपटते. प्रत्येक उचलण्यात व आपटण्यात गतीचा काही भाग वाया जातो. हवा भरलेले चाक मात्र खड्याला आपल्या पोटात घेते. जेथे खडा लागतो तेवढीच जागा आत दबते, आतील हवा तो दाब सगळीकडे वाटून देते आणि ओझे जवळजवळ जागच्या जागी राहते. म्हणून जे चाक अधिक सुखाचे, तेच अधिक वेगाचेही ठरले. डनलॉप मुलाच्या सुखासाठी निघाला होता. वेग त्याला वाटेत सापडला.

1888 च्या आरंभी त्याने अशी चाके जॉनीच्या सायकलीला बसवली आणि रात्रीच्या वेळी मुलाने ती रस्त्यावर चालवून पाहिली. चाके उत्तम चालली. त्याच वर्षी जुलै महिन्यात डनलॉपने पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये ते त्याला मिळाले. तरीही लोकांचा विश्वास बसेना. ती फुगीर, जाडजूड चाके पाहून पाहणाऱ्यांना हसू येई. असे चाक कोणी शर्यतीत वापरील हे तर कोणास खरेही वाटले नसते. परंतु बेलफास्टच्या एका सायकल मंडळाचा कप्तान विल्यम ह्यूम याने ते धाडस केले. 18 मे 1889 रोजी क्वीन्स कॉलेजच्या मैदानावरील शर्यतीत तो ही चाके घेऊन उतरला आणि ज्या चार शर्यतींत त्याने भाग घेतला त्या चारही जिंकला. त्यानंतर चाकांना हसणारे लोक ती कोठे विकत मिळतात याची चौकशी करू लागले.

हरलेल्या स्पर्धकांमध्ये डब्लिनचे कागदाचे व्यापारी हार्वे डू क्रॉस यांचे मुलगे होते. मुलांच्या पराभवाने चिडून न जाता या व्यापाऱ्याने त्यातील मर्म ओळखले. त्याच वर्षी त्याने भांडवल उभे करून डब्लिनमध्ये कंपनी स्थापन केली आणि डनलॉपने आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले. पन्नाशीकडे झुकलेल्या पशुवैद्याचे भाग्य उदयास आले असेच कोणालाही वाटले असते.

पण 1890 मध्ये एक धक्कादायक गोष्ट उघडकीस आली. हवेचे चाक हा नवा शोध नव्हता. रॉबर्ट विल्यम टॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने 1845 सालीच, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याचे पेटंट घेतले होते. टॉमसनने रबर लावलेल्या कापडाची नळी चामड्याच्या आवरणात बसवली होती आणि ती चाके बग्गीला लावून चालवूनही दाखवली होती. मात्र त्या वेळी सायकल नव्हती व मोटारही नव्हती. घोड्याच्या गाडीसाठी इतके महागडे चाक घेणार कोण? गरज जन्माला येण्यापूर्वीच शोध जन्माला आला आणि लोक त्याला विसरून गेले. टॉमसन 1873 मध्ये वारला. डनलॉपला या पूर्वीच्या शोधाची माहिती नव्हती. त्याने तो स्वतंत्रपणे लावला, हे त्याचे श्रेय कोणी नाकारत नाही. परंतु कायदा मनातला प्रामाणिकपणा पाहत नाही, नोंदवहीतील तारीख पाहतो. डनलॉपचे पेटंट निरर्थक ठरले.

कंपनी तरली ती दुसऱ्याच कारणाने. डनलॉपच्या पहिल्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो चाकाच्या कडीला कापडाने व रबराच्या द्रवाने चिकटवून टाकलेला असे. वाटेत खिळा लागून हवा गेली की टायर उकलणे, नळी दुरुस्त करणे आणि पुन्हा चिकटवणे यांत तासन्‌तास जात. 1890 मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या कडेत तार घालून तो चाकावरून काढता-घालता येईल अशी युक्ती काढली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट याने दुसऱ्या रीतीने तेच साधले. कंपनीने दोन्ही पेटंटे विकत घेतली. हवेच्या चाकावर तिचा हक्क राहिला नव्हता, पण ते बसवण्याच्या व बदलण्याच्या रीतींवर राहिला.

फ्रान्समध्ये मिशेलँ बंधूंनीही 1891 मध्ये सुटा होणारा टायर तयार केला आणि 1895 मध्ये पॅरिस ते बोर्दो व परत अशा मोटारींच्या शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार चालवली. वाटेत टायर वारंवार फुटले, बदलून बदलून ते थकले आणि फार मागे राहिले. तरी हवेवर मोटार चालू शकते हे जगाला दिसले. आज दूरच्या प्रवासाच्या वेगवान मोटारीला नवे टायर निवडताना माणसे टायरच्या बाजूवर छापलेले अंक व अक्षर वाचतात. त्यांवरून टायरचे माप, तो किती भार पेलील आणि किती वेग सोशील हे कळते. त्या साऱ्या निवडीमागे अंगणात घरंगळलेली ती दोन चाके आहेत.

संपत्ती मात्र डनलॉपच्या वाट्याला बेताचीच आली. 1892 मध्ये तो डब्लिनला राहावयास गेला होता. पुढे कंपनीच्या कारभाराशी त्याचे पटेना, तेव्हा त्याने तिच्यातून अंग काढून घेतले. 1896 मध्ये तीच कंपनी 30 लाख पौंडांना विकली गेली आणि घेणाऱ्याने लागलीच ती 50 लाखांना पुन्हा विकली. डनलॉपचे नाव व दाढीवाला चेहरा व्यापारी खूण म्हणून जगभर पसरले. जाहिरातींत तर त्याला उंच टोपी घातलेला छानछोकी गृहस्थ म्हणून रंगवण्यात येऊ लागले. आयुष्यभर साधेपणाने राहिलेल्या या भिडस्त माणसाला ते असह्य झाले. ज्या कंपनीला त्याचे नाव होते तिच्याच विरुद्ध त्याने म्हातारपणी बदनामीचा दावा लावला.

ज्याची प्रकृती जन्मापासून नाजूक मानली गेली होती, तो एक्याऐंशी वर्षे जगला. मोठे दुखणे त्याला कधी आलेच नाही. 1921 च्या ऑक्टोबरमध्ये सर्दीचे निमित्त झाले आणि 23 तारखेला डब्लिन येथे तो मरण पावला. हवेच्या टायरचा इतिहास त्याने स्वतः लिहून ठेवला होता. तो त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.