विश्लेषण : नियम होते, मग पंच कुठे पाहत होते? सव्वाशे वर्षांपूर्वीचा जगज्जेता सायकलपटू ‘मेजर’ टेलर कोण होता?

माळेगावच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्तीचा फड पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाठ लागली की नाही, यावरचा वाद कधी कधी कुस्तीपेक्षा जास्त रंगतो. हजार डोळे पाहत असतात, पण निकाल ठरतो तो पंचाच्या नजरेवर. सायकल शर्यतीचेही तसेच आहे. शंभर-दीडशे किलोमीटर घाम गाळायचा आणि फैसला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, डोळ्यांचे पाते लवते तेवढ्या वेळात. तिथे कोण कोणाला आडवा आला, कोणी कोपर मारले, कोण स्वतःच्या चुकीने पडला, हे कोण ठरवणार? मार्शल वॉल्टर ऊर्फ ‘मेजर’ टेलर या अमेरिकी सायकलपटूचे सगळे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरले.

शेवटच्या दोनशे मीटरमध्ये नेमके काय होते?

सायकलपटूचा खरा शत्रू वारा असतो. पुढच्याच्या मागे चिकटून चाललात तर वारा तो झेलतो आणि तुमची ताकद वाचते. म्हणून कोणालाच आधी पुढे यायचे नसते. सगळे एकमेकांच्या चाकाला चाक लावून थांबतात आणि शेवटी एकदम उसळी घेतात. यालाच स्प्रिंट म्हणतात. रस्त्यावरच्या शर्यतीत अशा वेळी वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटरवर जातो. त्या वेगात कोणी हातभर जरी बाजूला सरकले, तरी मागचे पाच-दहा जण एकावर एक कोसळतात.

म्हणून नियम आहे : स्प्रिंट सुरू करताना जी रेघ धरली ती सोडायची नाही, दुसऱ्याच्या वाटेत यायचे नाही. नियम मोडला तर त्या गटात शेवटच्या क्रमांकावर टाकतात, दंड करतात किंवा थेट बाद करतात. २०२५ पासून व्यावसायिक शर्यतींत फुटबॉलसारखे पिवळे कार्डही आले आहे. एकाच शर्यतीत दोन कार्डे मिळाली की खेळाडू बाहेर.

तरीही वाद संपलेले नाहीत. २०१७ च्या टूर दि फ्रान्समध्ये पीटर सागान आणि मार्क कॅव्हेंडिश यांची धडक झाली, कॅव्हेंडिशच्या खांद्याचे हाड मोडले आणि सागानला शर्यतीतून काढले. काही महिन्यांनी तो अपघातच होता, असे म्हणून प्रकरण मिटवण्यात आले. २०२० मध्ये पोलंडमधल्या शर्यतीत डिलन ग्रोनेवेगेनने रेघ सोडली. त्यामुळे पडलेला फाबिओ याकोबसन मरणाच्या दारातून परतला आणि ग्रोनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली. हे सगळे डझनभर कॅमेरे चालू असताना घडले. टेलरच्या काळात असे कॅमेरे नव्हते. कठड्यापाशी उभे असलेले पंच होते आणि त्यांना जे दिसेल, किंवा जे पाहायचे असेल, तेवढेच खरे धरले जाई.

‘मेजर’ हे नाव कसे पडले?

टेलरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ चा, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहराजवळचा. वडील गिल्बर्ट अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले कृष्णवर्णीय सैनिक. पुढे ते साउदर्ड नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे बग्गी हाकत. त्या घरातल्या मुलाला सवंगडी हवा म्हणून छोटा मार्शल तिथेच राहू लागला. त्याच्याबरोबर शिकला, खेळला आणि तिथेच त्याला पहिली सायकल मिळाली. मात्र वायएमसीएच्या व्यायामशाळेत बाकीची मुले गेली की हा दारातच थांबायचा. काळ्या मुलाला आत प्रवेश नव्हता. असल्या दारांबद्दल मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

साउदर्ड कुटुंब शिकागोला गेले आणि मार्शल घरी परतला. वर्तमानपत्रे टाकता टाकता तो सायकलवर कसरती शिकला. त्या पाहून एका सायकल दुकानदाराने त्याला कामावर ठेवले. काम काय, तर दुकानासमोर सैनिकी गणवेशात कसरती करून गिऱ्हाईक गोळा करायचे. गणवेशामुळे लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले आणि ते नाव जन्मभर चिकटले. याच दुकानदाराने गंमत म्हणून त्याला दहा मैलांच्या रस्ता शर्यतीत उतरवले. पोरगा तेरा-चौदा वर्षांचा. तो थेट जिंकूनच आला.

पुढे लुई मंगर या माजी शर्यतपटूने आणि सायकल कारखानदाराने त्याला हाताशी धरले. १८९५ मध्ये दोघे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात गेले. तिथल्या वायएमसीएने टेलरला आत घेतले. पुढच्या वर्षी तो इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर परत आला आणि तिथल्या वेळा त्याने मोडल्या. पण त्या विक्रम म्हणून नोंदल्या गेल्या नाहीत आणि ट्रॅकचे दरवाजे त्याला बंद झाले.

संघटनेचा नियम काय सांगत होता?

त्या काळी अमेरिकेत सायकल शर्यतींचा कारभार ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संस्था पाही. तिने १८९४ मध्ये लुईव्हिलच्या अधिवेशनात ठराव केला, की सभासद फक्त गोराच असेल. मात्र शर्यतीत धावण्याचा परवाना ही वेगळी बाब होती. टेलर त्या फटीतून आत शिरला. म्हणजे ज्या संस्थेचा तो सभासद होऊ शकत नव्हता, तिच्याच पंचांसमोर त्याला न्याय मागायचा होता.

डिसेंबर १८९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या शर्यतीतून व्यावसायिक झाला. सहा दिवस-रात्र फिरत राहायचे, जास्त अंतर कापेल तो जिंकला, अशी ती अमानुष शर्यत. टेलर मुळात छोट्या अंतराचा, स्प्रिंटचा खेळाडू. तरी त्याने १७३२ मैल, म्हणजे सुमारे २७८७ किलोमीटर कापून आठवा क्रमांक मिळवला. नांदेड-लातूर अंतर १४० किलोमीटर धरले, तर सहा दिवसांत दहा वेळा जाऊन-येऊन करण्यासारखे हे झाले.

कोंडी कशी करायचे?

यानंतर टेलर जवळपास फक्त ट्रॅकवरच्या स्प्रिंट शर्यती धावला. ट्रॅक लाकडी किंवा सिमेंटचा, वळणांवर उतरता, आणि सायकलला ब्रेक नाही. तिथे सरळ ढकलून द्यावे लागत नाही. एकाने पुढे राहून वेग कमी करायचा, दुसऱ्याने बाहेरच्या बाजूने चिकटायचे, तिसऱ्याने मागून दाबायचे. मधला माणूस कोंडला जातो. ताकद असून बाहेर पडता येत नाही. यात नियमभंग सिद्ध करणे फार अवघड, कारण प्रत्येक जण म्हणणार, मी तर माझ्या रेघेतच होतो. टेलरविरुद्ध एरवीचे प्रतिस्पर्धी असे एक होत आणि बक्षीस नंतर वाटून घेत.

यावर त्याने स्वतःचे उपाय काढले. एक, शेवटपर्यंत मागे थांबून दिसलेल्या चिंचोळ्या फटीतून निसटायचे. दुसरा, कोंडी होण्याआधीच पुढे जाऊन वारा स्वतः झेलत शेवटपर्यंत पुढेच राहायचे. दुसरा उपाय स्प्रिंटच्या साऱ्या शहाणपणाच्या विरुद्ध. पण मागे कोण काय करील याची भीती असली, की माणूस वारा पत्करतो. त्याने सायकलचे हँडल पुढे नेणारा, हवे तसे सरकवता येणारा एक दांडाही वापरात आणला. त्याने अंग खाली झुकवून बसता येई.

टॉन्टनमध्ये काय घडले?

सप्टेंबर १८९७. मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन गावची शर्यत. टेलर दुसरा आला, डब्ल्यू. ई. बेकर तिसरा. रेषा ओलांडल्यावर बेकरने टेलरला सायकलवरून खाली ओढले आणि बेशुद्ध होईपर्यंत त्याचा गळा आवळला. पोलिसांना मध्ये पडावे लागले. टेलरने आपल्याला दाबले, असे बेकरचे म्हणणे होते.

पंचांनी काय करावे? त्यांनी शर्यत पुन्हा घेण्याचा आदेश दिला. ज्याचा गळा आवळला तो उभा राहायच्या स्थितीत नव्हता, ही बाब निर्णयात कुठे बसत नव्हती. बेकरला काही काळ निलंबित केले आणि मग ५० डॉलर दंडावर प्रकरण भागले. तो दंड भरायला इतर सायकलपटूंनी वर्गणी काढली. त्याच मोसमात दक्षिणेतल्या आयोजकांनी टेलरचे अर्जच घेतले नाहीत. त्यामुळे गुणांच्या जोरावर राष्ट्रीय विजेता होण्याची वाट बंद झाली. पुढच्या वर्षी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात तो सरावाला गेला, तर ४८ तासांत निघून जा, अशी धमकीची चिठ्ठी आली.

जगज्जेतेपद कसे मिळाले?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. १८९८ मध्ये मोठ्या खेळाडूंनी लीगविरुद्ध बंड करून वेगळी संघटना काढली. टेलरही आधी त्यांच्यात गेला. पण बंडखोरांनी रविवारी शर्यती ठेवल्या. टेलर धर्मनिष्ठ बाप्टिस्ट, रविवारी धावणार नाही हा त्याचा निश्चय. तो लीगकडे परतला. ज्या लीगने काळ्यांना सभासदत्व नाकारले तिच्याच झेंड्याखाली तो १८९९ च्या जागतिक स्पर्धेला माँट्रियलला गेला.

तिथे अर्ध्या मैलाच्या शर्यतीत पंचांनी दुसऱ्याला विजयी ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा करून निषेध केला. निकाल बदलला नाही. १० ऑगस्टला एक मैलाच्या स्प्रिंटमध्ये मात्र वादाला जागा उरली नाही. टॉम बटलरला मागे टाकून टेलर जगज्जेता झाला. मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सननंतर जागतिक विजेतेपद मिळवणारा तो दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू.

बंडखोर गटातले नामांकित अमेरिकी माँट्रियलला नव्हते, म्हणून विजय सोपा होता, असे टीकाकार म्हणाले. टीका अगदीच खोटी नव्हती. टेलरने मग शिकागोत, पुढे वारा अडवणारे यंत्र ठेवून, एक मैल १ मिनिट १९ सेकंदांत कापला. वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर. १९०० मध्ये प्रतिस्पर्धी संघटनेने दंड भरून घेत त्याला प्रवेश दिला आणि त्या साऱ्या नामांकितांसमोर तो अमेरिकेचा स्प्रिंट विजेता ठरला. त्याच सुमारास त्याने वूस्टरमध्ये गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. शेजाऱ्यांनी जास्त पैसे देऊन ते परत विकत घेण्याची तयारी दाखवली. टेलर हलला नाही.

पॅरिसमध्ये वेगळे काय होते?

१९०१ मध्ये तो युरोपात गेला आणि तिथल्या आयोजकांनी त्याच्यासाठी रविवार टाळून तारखा लावल्या. १६ मे रोजी, गुरुवारच्या सणाच्या सुट्टीला, पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्स ट्रॅकवर फ्रान्सचा जगज्जेता एदमों जाक्लॅं याच्याशी त्याची लढत झाली. थंडी होती. टेलर हरला. जाक्लॅंने नाकाला अंगठा लावून त्याला खिजवले. ११ दिवसांनी, सोमवारी, दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी टेलर जिंकला. ट्रॅकचा व्यवस्थापक आंरी देग्रॉंज या निकालाने इतका चिडला, की त्याने बक्षीस चिल्लरीत दिले, अशी कथा सांगतात. दोनच वर्षांनी याच देग्रॉंजने टूर दि फ्रान्स सुरू केली आणि तिचे नियम आयुष्यभर कठोरपणे राबवले.

दोघांचीच लढत असल्याने पॅरिसमध्ये तिघा-चौघांची कोंडी करण्याची सोय नव्हती. टेलर युरोपात इतका का जिंकला, याचे एक कारण हेही असावे. ऑस्ट्रेलियात तर जंगी स्वागत झाले. तिथल्या मुक्कामात १९०४ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव त्याने आणि पत्नी डेझीने सिडनी ठेवले. पण गटबाजी करणारे अमेरिकी प्रतिस्पर्धीही तिथे पोहोचले होते. परतल्यावर टेलर शरीराने आणि मनाने थकला. मध्ये काही वर्षे तो खेळलाच नाही, १९०७ मध्ये पुन्हा उतरला आणि १९१० मध्ये, ३२ व्या वर्षी, थांबला.

नंतर काय झाले?

मोटारगाडीच्या धंद्यात त्याचे पैसे बुडाले, संसार मोडला. १९२८ च्या सुमारास त्याने आत्मचरित्र स्वतःच छापले आणि दारोदार फिरून विकले. त्यात कोणी कुठे आडवे घातले, कोणत्या पंचाने काय पाहिले नाही, याचा शर्यतीगणिक हिशोब आहे. २१ जून १९३२ रोजी शिकागोच्या सरकारी रुग्णालयातल्या धर्मादाय वॉर्डात त्याचे निधन झाले. वय ५३. दफन बेवारसांच्या जागेत झाले.

१९४८ मध्ये जुन्या व्यावसायिक सायकलपटूंच्या एका संघटनेने, सायकल उत्पादक फ्रँक श्विन यांच्या पैशातून, त्याचे अवशेष त्याच दफनभूमीत चांगल्या जागी हलवले आणि वर नाव कोरलेला फलक बसवला. १९८२ मध्ये इंडियानापोलिसच्या सायकल ट्रॅकला त्याचे नाव दिले गेले. ज्या शहरातल्या ट्रॅकने त्याला हाकलले होते, तेच हे शहर. आणि लुईव्हिलमधला तो १८९४ चा ठराव? ‘लीग’च्या वारसदार संस्थेने तो औपचारिकपणे रद्द केला १९९९ मध्ये.