विश्लेषण : फक्त हाताला भूल देण्याचे तंत्र आले कुठून? विल्यम हाल्स्टेड यांनी त्यासाठी काय गमावले?

मनगटाचे हाड मोडून शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तरी आज रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करावेच लागते असे नाही. केवळ हात बधिर करूनही ती करता येते. या तंत्राची सुरुवात अमेरिकी शल्यविशारद विल्यम स्ट्युअर्ट हाल्स्टेड यांच्याकडे जाते. मात्र त्याची किंमत त्यांना आयुष्यभर चुकवावी लागली.

हात बधिर कसा होतो?

मानेतील मणक्यांपासून निघालेले मज्जातंतू एकत्र गुंफले जातात आणि कॉलर बोनच्या खालून काखेत उतरतात. या जाळ्याला ‘ब्रॅकियल प्लेक्सस’ म्हणतात. हाताच्या जवळपास सगळ्या संवेदना याच वाटेने मेंदूकडे जातात. या वाटेवर औषध सोडले की वेदनेचा संदेश तिथेच अडतो. रुग्ण जागा राहतो, हात मात्र बधिर होतो.

शोध कसा लागला?

हाल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. त्या काळी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ईथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवत. सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. हाल्स्टेड यांनी पुढचा विचार केला. औषध वरवर न लावता थेट मज्जातंतूपाशी टोचले, तर त्यापुढचा सगळा भागच बधिर होईल. सहकाऱ्यांसह त्यांनी आधी जबड्याच्या मज्जातंतूवर हे करून पाहिले. पुढे मानेत छेद देऊन हाताचे मज्जातंतू उघडे केले आणि तिथे कोकेन सोडले. प्रयोग यशस्वी ठरला.

किंमत काय मोजावी लागली?

हे प्रयोग डॉक्टर मंडळी स्वतःवरही करत. कोकेनचे व्यसन किती घट्ट जडते, याची तेव्हा फारशी कल्पना नव्हती. हाल्स्टेड आणि त्यांचे काही सहकारी त्यात अडकले. सप्टेंबर १८८५ मध्ये छापून आलेला त्यांचा लेख इतका विस्कळीत होता, की त्यातून त्यांची अवस्थाच दिसत होती. १८८६ मध्ये त्यांना ऱ्होड आयलंडमधील बटलर रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कोकेन सोडवण्याच्या प्रयत्नात मॉर्फिन मागे लागले. न्यूयॉर्कमधली भरभराटीची कारकीर्द संपली.

मग पुन्हा उभे कसे राहिले?

मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावून घेतले. १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे ते पहिले मुख्य शल्यविशारद झाले. जंतुनाशकाने हात सोलून निघणाऱ्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्यासाठी त्यांनी रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. शल्यचिकित्सकांच्या निवासी प्रशिक्षणाची पद्धतही त्यांनीच तिथे घडवली. पण या काळातही मॉर्फिन सुटले नव्हते. सहकारी विल्यम ऑस्लर यांची अनेक दशके गुप्त राहिलेली टिपणे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ही बाब उघड झाली.

आज हे तंत्र कुठे आहे?

१९११ मध्ये जर्मनीत हिर्शेल यांनी काखेतून, तर कुलेनकाम्फ यांनी कॉलर बोनच्या वरून सुई घालून हेच साधले. त्यामुळे मान उघडण्याची गरज उरली नाही. कोकेनची जागा आधी प्रोकेनने, नंतर लिडोकेनसारख्या औषधांनी घेतली. या औषधांचे कोकेनसारखे व्यसन लागत नाही. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर मज्जातंतू आणि सुई दोन्ही पाहत इंजेक्शन दिले जाते.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने ७ सप्टेंबर १९२२ रोजी हाल्स्टेड यांचे निधन झाले. हाताला भूल देण्याआधी आज ॲलर्जी विचारली जाते, वजन पाहून औषधाची मात्रा ठरते, रुग्णावर सतत लक्ष ठेवले जाते. नव्या औषधाचा धोका आधी तपासण्याची अशी कोणतीही सोय हाल्स्टेड यांच्या काळात नव्हती. तो धोका त्यांना स्वतःच्या शरीरावरच कळला.