अनुकरणाचे नियम सांगणारा न्यायाधीश

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला, हे चळवळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. त्या निबंधात आधार घेतलेल्या फ्रेंच न्यायाधीशाचे नाव मात्र आपल्या सभांतून क्वचितच ऐकू येते. ते नाव गॅब्रिएल तार्द.

तार्द यांचा जन्म 1843 सालचा, नैर्ऋत्य फ्रान्समधील सार्ला या लहानशा गावातला. वडील न्यायाधीश होते, पण लवकर वारले. पुढे तार्दही त्याच गावी फौजदारी तपासाचे न्यायाधीश झाले आणि 1894 पर्यंत तिथेच राहिले. आम्ही वकील मंडळी तसलेच कागद रोज चाळतो आणि बाजूला ठेवतो; तार्द यांनी त्यांतून समाजशास्त्र काढले. गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो, हा इटलीच्या लोंब्रोसोचा सिद्धांत तेव्हा गाजत होता. तार्द यांनी तो खोडून काढला. माणूस गुन्हासुद्धा भोवतालच्यांचे पाहून शिकतो, असे त्यांचे म्हणणे. 1890 च्या ‘अनुकरणाचे नियम’ या ग्रंथात त्यांनी हे सूत्र सबंध समाजाला लावले: प्रतिष्ठितांचे पाहून खालचे वागतात, आणि संबंध जितका जवळचा तितके अनुकरण अधिक.

पुढे पॅरिसला न्याय मंत्रालयात गुन्ह्यांच्या आकडेवारीचा विभाग त्यांच्याकडे आला. 1900 मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. समाज ही व्यक्तींहून वेगळी, त्यांच्यावरची शक्ती मानणाऱ्या दुर्खेमशी त्यांचा 1903 मध्ये जाहीर वाद झाला. मे 1904 मध्ये ते गेले. दुर्खेमच्या शिष्यांचा बोलबाला झाला आणि तार्द अडगळीत पडले.

आज संशोधक संगणकात हजारो कल्पित माणसे सोडतात. त्यांना ‘एजंट’ म्हणतात. प्रत्येकाला शेजाऱ्याकडे पाहून वागण्याचा एखादा साधा नियम द्यायचा आणि समाज कसा घडतो ते पाहायचे. या पद्धतीची मुळे तार्द यांच्यात शोधणारे अभ्यासक आहेत. अमेरिकेच्या थॉमस शेलिंगने 1971 मध्ये पटावर सोंगट्या मांडून दाखवले, की निदान एक तृतीयांश शेजारी आपल्यासारखे असावेत एवढीच प्रत्येकाची अपेक्षा असली तरी वस्त्या विभागल्या जातात. हुकूम कोणीच दिलेला नसतो.

एकट्या मनूने जाती लादल्या, हे बाबासाहेबांनाही मान्य नव्हते. ब्राह्मणांनी रोटी-बेटीची दारे लावली, इतरांनी तार्द यांच्या नियमाप्रमाणे त्यांचा कित्ता गिरवला. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. एकाने दार लावले की बाहेर राहिलेला, त्याची इच्छा असो वा नसो, आपोआप वेगळी जात होतो. त्याने कोणाचीही नक्कल केलेली नसते. शेलिंगच्या पटावरची सोंगटी निदान उठून दुसरीकडे जाऊ शकते. हा निबंध मे 1917 मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला, तेव्हा तार्द यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.